भागीमावशींच्या फोटोखाली

मी एक जुना मोबाईल आहे. मित्रांनो, माझी काच कोपऱ्यात तडकलेली आहे आणि माझी बॅटरी दुपारीच मान टाकते. पण त्यासाठी माझी कीव करू नका. मी माझी गोष्ट रडून सांगणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी पहिली मालकीण दहिवलीची सुरभी. तिने माझ्याकडून गाणी वाजवून घेतली, मैत्रिणींचे फोटो काढून घेतले, आणि नवा फोन आल्यावर मला कर्जतच्या बाजारात विकून टाकले. दुकानदाराने माझ्यावर 'जुना पण चांगला' अशी चिठ्ठी लावली. त्यातला 'पण' मला अजून खुपतो.

तिथून मला वनिताने घेतले. वनिता खालापूरला बायकांना स्कूटर शिकवते. गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानावर तिचा वर्ग भरतो. कोण कधी येणार, कोणाचे लायसन्स कुठवर आले, सगळे माझ्यात असे. एकदा एका बाईंनी ब्रेकऐवजी रेस पिळली. त्यांना सावरायला वनिता धावली आणि मी तिच्या हातातून उडून दगडावर आपटलो. हा तडा तेव्हाचा आहे. मी तो मिरवतो.

एका वर्षी वर्गाला बायका येईनाशा झाल्या. वनिता शिळफाट्यावर कमलेशकडे गेली. तो बॅनर छापतो आणि लोकांच्या जाहिराती फोनवर चालवून देतो.

"ताई, तुमच्या पोस्ट तुमच्याच ओळखीच्यांना दिसतात," कमलेश म्हणाला. "पैसे भरून बूस्ट केली, की खोपोलीपासून पनवेलपर्यंत अनोळखी लोकांना दिसेल."

पोस्टसाठी वनिताने भागीमावशींचा फोटो निवडला. भागीमावशी कुंभिवलीच्या. पन्नाशी ओलांडलेल्या. भाजीची पाटी घेऊन त्या रोज हायवेला उभ्या राहायच्या आणि टेंपोवाल्याने दया दाखवली, तर शिळफाट्याच्या बाजारात पोचायच्या. त्यांना स्वतःच्या गाडीवर बाजारात जायचे होते. फोटो मीच काढला होता. नऊवारी, पायात चप्पल, डोक्यावर हेल्मेट, आणि चेहऱ्यावर असे हसू, की मला वाटले माझी काच पुसली गेली. मावशींना विचारूनच वनिताने तो टाकला.

मित्रांनो, अनोळखी लोकांना घरी बोलावले, की ते काय बोलतील ते आपल्या हातात राहत नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर कमेंटचा पाऊस पडू लागला. थोड्या चांगल्या होत्या. कोणी वेळ विचारली, कोणी पत्ता. बाकीच्या मात्र वाचवत नव्हत्या. कोणी मावशींच्या वयावर बोलले, कोणी साडीवर. काही जणांनी असे लिहिले, की ते मी इथे सांगणार नाही. मी थरथरत होतो. वनिता एकेक वाचत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

तिने कमलेशला फोन केला. तो खुशीत होता.

"राहू दे, ताई. लोक भांडतायत म्हणजे पोस्ट पळतेय. जितक्या कमेंट, तितक्या जास्त लोकांना दिसणार."

"मावशींना शिव्या पडतायत, कमलेश. त्या शिव्यांवर माझा वर्ग चालवू?"

"मग कमेंट बंद करून टाका. पण जाहिरात थंडावेल, आधीच सांगतो."

वनिता उत्तर द्यायच्या आधीच माझ्यावर दुसरा फोन आला. तो जितेशचा होता, मावशींच्या मुलाचा. तो जवळच्या एका कारखान्यात कामाला होता. संध्याकाळी काम सुटताना कोणीतरी ती पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली होती.

"वनिताताई, तो फोटो काढून टाका. सगळी हसतायत मला. आई उद्यापासून येणार नाय."

वनिता मला ओढणीच्या गाठीत बांधून सरळ कुंभिवलीला निघाली. तिला वाटत होते, फोटो काढून टाकावाच लागेल. मला मात्र राग आला होता. फोटो मी काढला होता आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

मावशी ओट्यावर मेथी निवडत होत्या. जितेश दाराला टेकून उभा होता. वनिताने मान खाली घालून सांगितले, "मावशी, चुकलं माझं. आत्ता काढून टाकते फोटो."

"थांब गं," मावशी म्हणाल्या. "फोटो कोनाचा हाय?"

"तुमचा."

"मंग मला इचार ना. जितू, तू बी माझ्या आधी हुकूम सोडलास." मावशींनी मेथी बाजूला सारली. "काय लिवलंय ते वाच आधी."

वनिता चाचरत वाचू लागली. "एक जण म्हणतो, आजीबाई, या वयात भजन करा."

"लिव त्याला, भजन बी करते, मंगळवारी. बाकीचं दिवस मोकळंच हायेत."

वनिताने मला मावशींच्या तोंडाशी धरले. मी ऐकून लिहू शकतो, याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या 'हायेत'चे मी भलतेच काहीतरी केले. मावशींनी ते वनिताकडून वाचून घेतले आणि म्हणाल्या, "मी आसं नाय बोलले." वनिताने बोटाने दुरुस्त केले. हळूहळू मी त्यांची बोली शिकलो.

"दुसरा म्हणतो, या बाई रस्त्यावर आल्या, की आम्ही घरातच बसतो."

"बसा म्हनावं. रस्ता मोकळा व्हईल."

दारातून खुसकन आवाज आला. जितेशने हसू दाबले होते.

मग एका ठिकाणी वनिता वाचता वाचता थांबली.

"का गं?"

"हे वाचण्यासारखं नाही, मावशी."

"मंग ठेवू पन नको. अंगनात कोनी घान केली तं आपन झाडतोच." वनिताने तशा सगळ्या कमेंट लपवल्या आणि ती माणसे कायमची बाहेर काढली. प्रत्येक वेळी तिचे बोट माझ्यावर जोरात आपटत होते. मला ते दुखले नाही.

शेवटी खोपोलीच्या नम्रता नावाच्या बाईची कमेंट आली. तिने लिहिले होते, 'हेल्मेटचा पट्टा लावलेला नाही. शिकवणाऱ्यांनी हे बघायला हवे.'

वनिता गोरीमोरी झाली. "हिचीही लपवते."

"का? खोटं हाय काय?"

"नाही. खरं आहे."

"मंग ती राहू दे. सगळ्यात वर राहू दे. आनि लिव, चुकलं. उद्यापासून पट्टा लावल्याबिगर गाडीला हात नाय."

ती कमेंट वनिताने सगळ्यांच्या वर लावली. खाली कबुली लिहिली. कमलेश म्हणाला तसेच झाले. भांडण थांबले आणि पोस्टची धाव मंदावली. वर्गाला नव्या दोघीच आल्या. पण त्यातली एक नम्रता होती. पट्टा तपासायलाच आले, असे ती म्हणाली आणि मग शिकायलाही राहिली.

मावशींना पक्के लायसन्स मिळाले तेव्हा वनिताने दुसरी पोस्ट बूस्ट केली. लायसन्स हातात धरलेल्या मावशी, पट्टा घट्ट बांधलेला. पुन्हा कोणीतरी आलाच. त्याने लिहिले, 'हिच्या घरी कोणी नाही का हिला आवरायला?'

वनिताने मला उचलले. ती अक्षरे शोधत होती, तेवढ्यात माझ्यावर दुसरे उत्तर उमटले.

'मी आहे. तिचा मुलगा जितेश. उद्या ती मला शिळफाट्याला सोडणार आहे. बघायला या.'

वनिता कितीतरी वेळ ते वाचत राहिली. मी माझा उजेड कमी होऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी वनिता त्यांच्या मागून गाडीवर होती आणि मी तिच्या गाडीच्या हँडलवर अडकवलेला होतो. पुढे मावशी, मागे जितेश, मध्ये भाजीची पाटी. जितेश घाबरून मागची कडी दोन्ही हातांनी धरून बसला होता. एक ट्रक शेजारून गेला तेव्हा तो ओरडला, "आई, हळू." मावशींनी मान वळवली नाही. बाजाराच्या तोंडाशी गाडी लागली. त्याने पाटी उतरवून त्यांच्या हातात दिली. "निघतो गं," एवढेच म्हणाला, आणि ओळखीचे कोणी बघतेय का, हे त्याने बघितले नाही.

आता वनिताकडे नवा फोन आला आहे. मी बहुतेक वेळ कपाटात असतो. कमलेश म्हणतो, भंगारात द्या. मी जाणार नाही. वर्गाच्या पोस्टवर येणारी कमेंट वनिता अजून माझ्यावरच वाचते, आणि माझी बोटाबोटाने शिकलेली बोली नव्या फोनला येत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातही माझ्यासारखा कोणी असेल. त्याला पडू देऊ नका, उन्हात तापवू नका, हे तर सांगतोच. पण कोणाच्या फोटोखाली लिहिताना एवढे ध्यानात ठेवा, की पलीकडे कोणीतरी ते एखाद्या बाईला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. चूक दिसली तर बेशक दाखवा, ती आम्ही वर लावू. हसायला येणार असाल, तर मात्र तयारीने या. मावशींकडे आता उत्तरे द्यायला वेळ पुष्कळ असतो. टेंपोची वाट बघत त्या उभ्या राहत नाहीत.