जमिनीकडे शून्य

पहिलं सांगून टाकतो. आमच्या गँगनं पुसलेली लाइन म्हणजे पुसलेली लाइन. घेडच्या, म्हणजे पोरबंदरजवळच्या सखल किनाऱ्याच्या, खाऱ्या वाऱ्यात टॉवरवर चढून तारेतला करंट टॉवरला लागू न देणारी चिनी मातीची एकेक डिस्क फडक्यानं घासायची, उलट्या बाजूच्या कडांमध्ये बोटं घालून मिठाचा थर काढायचा, हे काम समुद्राकाठच्या माणसानंच करावं. पोरबंदरात बसून पंख्याखाली बोलणाऱ्याचं ते काम नाही. मी मालदे ओडेदरा, जातीचा मेर, या लाइनीवर माझे केस पांढरे झाले. कुणी माझ्या कामाला खोटं म्हटलं की माझं डोकं सणकतं, आणि त्या हिवाळ्यात आमच्या सबस्टेशनच्या धोळकियासाहेबांनी नेमकं तेच म्हटलं.

झालं असं, की दिवाळीनंतर आमची सहासष्ट केव्हीची लाइन ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागली. कधी रोज, कधी दोनचार दिवसांनी, पण दिवस मावळताना. लाइन पडली की पोरबंदरचे बर्फाचे कारखाने बंद, बर्फ नाही म्हणून बंदरावर होड्या अडकलेल्या, आणि त्या होड्यांवरच्या खारवा कोळ्यांच्या तोंडी लागायची हिंमत कुणात आहे! त्यांच्या शिव्या कारखान्यांमार्फत साहेबांकडे गेल्या आणि साहेबांनी त्या जशाच्या तशा माझ्याकडे पाठवल्या.

सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये मला सगळ्यांसमोर उभं केलं. "मालदे, डिस्क पुसल्या म्हणून सांगितलंस," साहेब म्हणाले, "पण पुसल्या कुणी? तुझ्या मिशांनी?"

"माझ्या गँगनं पुसल्या, साहेब. शिडी देतो, वर चढा आणि जीभ लावून बघा. खारट लागली तर ह्या मिशा इथंच उतरवून देतो."

"तोंड सांभाळ! मीठ बसलंय, त्यावर संध्याकाळची ओल येते आणि डिस्कवरून ठिणगी पळते. इथं कारकुनाला विचारलं तरी सांगेल. महिनाअखेर वरती अहवाल जाणार. तुझी गँग खाली आणि दुसरा ठेकेदार वर."

माझी नोकरी कायमची आहे, मला कुणी हात लावत नव्हतं. पण माझ्या हाताखालची माणसं ठेक्यावरची. रणमलचं लग्न वैशाखात ठरलेलं, बाकीच्यांची पोरं शाळेत. कामचोर म्हणून काढलेल्या माणसाला अख्ख्या सोरठात दुसरं कोण चढू देणार टॉवरवर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी भलतंच बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "साहेब, अहवाल लिहायच्या आधी रिलेमधलं रेकॉर्ड बघू का?"

ही उर्वीबेन वसावडा. टेस्टिंग विभागात नवीन आलेली, जुनागढची नागर. नागरांच्या बोलण्यात साखर असते आणि त्या साखरेत सुरी असते, म्हणून मी जरा सांभाळूनच होतो. बाहेर गाठून म्हटलं, "बेन, आमच्या बाजूनं बोललात, उपकार झाले."

"मी तुमच्या बाजूची नाही, मालदेभाई. साहेबांच्याही नाही. तुम्ही डिस्क पुसल्या नसतील तर तसं लिहीन."

"लिहा की! घाबरतंय कोण!"

"ओरडू नका, मला ऐकू येतं," ती म्हणाली आणि लाइन तोडणाऱ्या रिलेची नोंद लॅपटॉपवर उघडून बसली.

दुपारपर्यंत तिनं त्या पडद्यावरून नजर हलवली नाही. चहा गार झाला, मी दुसरा आणला, तोही गार झाला. मग तिनं मला हाक मारली. पडद्यावर लाल, पिवळी, निळी अशा तीन लाटा होत्या, आमच्या तीन तारांच्या. लाल अगदी शहाण्यासारखी चाललेली. पिवळी आणि निळी एकाच क्षणी उसळलेल्या, एक जेवढी वर तेवढीच दुसरी खाली. खाली चौथी रेघ होती, ती सपाट.

"ही चौथी काय म्हणते?"

"हा जमिनीत गेलेला करंट," उर्वीबेन म्हणाली. "डिस्क घाण असती तर करंट डिस्कवरून टॉवरमध्ये आणि टॉवरमधून जमिनीत उतरला असता. इथं जमिनीकडे शून्य. एकदा नाही, प्रत्येक वेळी शून्य."

मी टक लावून बघत राहिलो. "म्हणजे दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले आणि शेजाऱ्याला साधी चापटसुद्धा लागली नाही."

"अगदी तसंच! पिवळी आणि निळी तार कुणीतरी हवेतच जोडली. डिस्कचा संबंध नाही."

काय सांगू, माझी छाती अशी फुगली! जमिनीकडे शून्य. हे दोन शब्द ऐकायला मी लाइन पडायला लागल्यापासून तळमळत होतो आणि ते एका पडद्यावरच्या सपाट रेघेनं म्हटले. मी रणमलला फोन लावून तिथूनच ओरडलो. उर्वीबेननं कानांवर हात ठेवले.

धोळकियासाहेबांनी मात्र लाटा बघितल्या आणि चष्मा पुसला. माणूस अडाणी नाही, कबूल करतो. "मला पण वाचता येतं, बेन. ठीक आहे, तारा जोडल्या गेल्या. कुणी जोडल्या? पतंगाचा मांजा? झाडाची फांदी? गँगनं सगळी लाइन पायी तुडवली, काही सापडलं नाही. जोडणारा आणून दाखवा, मी अहवाल फाडतो. नाहीतर डिस्कच."

रिलेनं अंतर काढून दिलं होतं. प्रत्येक फॉल्ट एकाच ठिकाणचा, वेणसर गावाच्या तळ्याजवळचा. वेणसर म्हटल्यावर मी हसलो. तिथं माझी लीरीफई राहते, वडिलांची बहीण. ट्रिपिंग झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन बघायला जायचो तेव्हा तिच्याकडेच चहा प्यायचो.

उर्वीबेनला घेऊन गेलो. फईनं बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक पुढं ठेवलं. उर्वीबेननं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नागराणीला चटणी सोसत नाही वाटतं," फई म्हणाली. बेननं मुकाट्यानं चटणी परत मागून घेतली, तेव्हापासून फई तिची झाली.

"मा," बेननं विचारलं, "दिवस मावळताना तुमच्या तळ्याजवळ तारांखाली काय होतं?"

"काय होणार? कुंज मरते."

कुंज म्हणजे करकोचा, हिवाळ्यात परदेशातून येणारं लांब मानेचं पाखरू. माझ्या हातातलं ताक सांडलं. "कुंज मरते? फई, मी इतक्या वेळा तुझ्या दारात येऊन विचारलं, काही पडलं का म्हणून!"

"खोटं बोलू नकोस, मालदे. तू विचारलंस, पतंग पडला का, झाड जळलं का, पोरांनी तारेवर दोर फेकला का. कुंज मेली का असं कधी विचारलंस?"

"अगं, पण सांगायचं तरी!"

"पाव्हणी मेल्याचं कुणी दारोदार सांगत सुटतं का? दिवसभर शेतात शेंगा टिपतात, संध्याकाळी तळ्यात उतरायला येतात. अंधुक उजेडात तार दिसत नाही. एक पंख वरच्या तारेला, एक खालच्या तारेला. आवाज होतो आणि खाली पडते. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून आम्ही बायका लगेच टोपली घेऊन जातो. मीठ घालतो, पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो, तळ्याच्या पाळीवर पुरतो. तू सकाळी येतोस मान वर करून. खाली बघितलंस कधी?"

उर्वीबेन हसू दाबत होती. मला रागही आला आणि हसूही. हजारो मैलांवरून आलेल्या पाखराला मातीआड केल्याशिवाय पाणी न पिणारी ही माणसं. त्यांनी इतक्या मायेनं सगळं आवरलं होतं, की माझ्या गँगचा साक्षीदार दर खेपेला पुरला जात होता.

पाळीवर गेलो. बाभळीखाली लहान लहान उंचवटे, प्रत्येकावर एक दगड. मागून रणमल फावडं घेऊन पळत आला, कुंजांचं त्याला फोनवर मीच सांगितलं होतं. "भाई, एक काढू. जळका पंख साहेबांच्या टेबलावर ठेवला की संपलं!"

"फावडं ठेव," फई म्हणाली. ती ओरडली नाही, फक्त उंचवट्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"मा, एकच," उर्वीबेन हळूच म्हणाली. "फोटो काढून लगेच परत झाकू."

"लेक माहेरी आली आणि गेली, तर तिला दाखवायला बाहेर काढशील का गं?"

उर्वीबेन मागं सरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फई माझी, गँग माझी, अब्रू माझी. रणमलच्या डोळ्यांत वैशाखातलं लग्न दिसत होतं. मी फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि लांब फेकलं.

"भाई, आपली रोजी जाईल!"

"जाऊ दे. मेराच्या पोटी जन्मलोय, थडगी उकरून स्वतःला खरा ठरवणार नाही. साहेबांनाच इथं बोलावू. डोळ्यांनी बघू दे."

धोळकियासाहेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, बुटांना चिखल लागतो म्हणून कुरकुरत. फईनं त्यांना तळ्यालगतच्या अंगणात खाट दिली, गँग आणि गावातल्या बायका आधीच जमल्या होत्या. सूर्य टेकला. आधी आवाज आला, तो कुर्र कुर्र असा लांबून येणारा आवाज, मग काळी रांग दिसली. बुटाच्या टाचा वर करून साहेबही बघायला लागले. रांग खाली उतरत होती, सरळ आमच्या तारांवर. एक कुंज धडकली असती, उजेड झाला असता, लाइन पडली असती आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत माझी गँग सुटली असती. एवढंच तर हवं होतं मला.

पुढची कुंज तारेच्या उंचीला आली. मान लांब, पाय मागं ताणलेले. माझ्याच्यानं राहवलं नाही. फईच्या चुलीजवळची परात उचलली आणि रोटल्याच्या लाटण्यानं बडवत सुटलो. "हे! वर जा! वर जा गं बायांनो!" रणमल माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानंही डबा उचलला. मग सगळी गँग. गावातल्या बायकाही ओरडायला लागल्या. रांग फुटली, सगळी पाखरं तारांच्या वरून गेली आणि पलीकडे तळ्यात उतरली. लाइन जागच्या जागी. सबस्टेशनहून फोन नाही, काही नाही.

"मालदे, तुला वेड लागलं का?" साहेब खाटेवरून उठले. "तुझा पुरावा तूच हाकलून दिलास!"

"हो, दिला. लिहा तुमचा अहवाल."

"थांबा, साहेब," उर्वीबेन मध्ये आली. तिचे डोळे चमकत होते. "पुरावा तर आत्ता सुरू झाला. आजपासून एकाही डिस्कला कुणी फडकं लावायचं नाही. त्याच डिस्क, तेच मीठ, तीच ओल. बदल एकच, गँग रोज संध्याकाळी इथं उभी राहणार. तरी लाइन पडली तर डिस्क घाण, मी स्वतः सही करते. नाही पडली तर?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहवाल महिनाअखेरपर्यंत थांबवतो," ते म्हणाले. "तेवढं नक्की."

मग काय! रोज संध्याकाळी वेणसरला आमची पराती-डब्यांची वरात. पोरबंदरात लोक चिडवायचे, "मालदेभाई, आज कुणाचं लग्न?" मी म्हणायचो, "तुझ्या बर्फाचं!" आणि खरंच, कारखाने चालू होते. पुढं धुक्याचे दिवस आले. समुद्रावरून अशी ओल यायला लागली, की सकाळी शर्ट अंगाला चिकटायचा. माझ्या मनात धाकधूक नव्हती असं कोण म्हणेल? एका पहाटे रणमलचा फोन आला, "भाई, लाइन पडली!" मोटरसायकल घेऊन सबस्टेशनला पोचलो तर उर्वीबेन दारातच उभी.

"शेजारची," ती म्हणाली. "दुसऱ्या ठेकेदाराची. जमिनीत भरपूर करंट, डिस्कवरूनच उतरलाय. मीठ असलं की असं दिसतं, साहेबांना आत्ताच दाखवून आले. तुमची उभी आहे."

मी तिथल्या पायरीवर बसलो आणि मोठमोठ्यानं हसलो. मग डोळे पुसले, लाज कसली त्यात. माझ्या माणसांनी घासलेल्या डिस्क तसल्या धुक्यातही उभ्या राहिल्या होत्या. आणि ते ओळखणारी ही जुनागढची पोर! आमची नव्हती, साहेबांची नव्हती, कुणाची म्हणून नव्हती, आणि म्हणूनच तिचा शब्द पोलादासारखा होता. अशी इंजिनिअर आमच्या सबस्टेशनात आहे हे मी त्या दिवसापासून अख्ख्या घेडला सांगत फिरतो.

महिना संपला. आमची लाइन एकदाही पडली नाही. तारा पाखरांना दिसाव्यात म्हणून त्यांना नारिंगी गुंडाळ्या लावायचं काम मंजूर झालं आणि ते आमच्याच गँगला मिळालं. रणमल वर चढलेला, बाकीचे दोर धरून खाली, फई आणि गावातल्या बायका पाळीवर. धोळकियासाहेब गाडीतून उतरले, माझ्याजवळ आले आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, "मालदे, डिस्क स्वच्छ होत्या."

"काय म्हणालात, साहेब? वारा फार आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हललो नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "डिस्क स्वच्छ होत्या! मालदेच्या गँगनं पुसल्या होत्या!"

दोर धरलेल्यांनी माना वळवल्या. पाळीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. टॉवरवरून रणमल ओरडला, "काय म्हणाले, भाई?"

"साहेब," मी म्हटलं, "वरच्याला ऐकू गेलं नाही."

साहेबांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, मान वर केली आणि परत एकदा सांगितलं.