दोन खुर्च्यांमधला हात

माझ्या दोन्ही कडांचे पॉलिश उडाले आहे. मधोमध मात्र बोटभर रुंदीचा पट्टा अजून चकचकीत आहे. दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांची कोपरे तिथपर्यंत येतात आणि थांबतात.

मित्रांनो, मी एक जुना हात आहे, खुर्चीचा. ओश शहरातल्या एका लहानशा चित्रपटगृहात, शेवटच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांना मिळून मी एकटाच.

मी अर्सलानबाबच्या रानातल्या अक्रोडाचा. सुताराने मला घासून गुळगुळीत केले, तेव्हा येणारा प्रत्येक जण माझ्यावरून तळवा फिरवून वाहवा करी. पुढे कितीतरी वर्षे मी कोपरे झेलली, सूर्यफुलाच्या बियांची टरफलेही झेलली. मग घरोघरी पडदे आले, खिशातसुद्धा आले, आणि आमच्या दाराला कुलूप लागले. कबुतरांनी माझे काय केले ते सांगत नाही.

कुलूप उघडले बुरुल एजेने. एजे म्हणजे ताई. तिकीट देण्याआधी ती विचारते, "आज मन कसं आहे?" मन जड असेल तर रडवणारा सिनेमा, भांडून आलेल्यांना हसवणारा. फोनवर ओळख होऊन पहिल्यांदाच भेटणाऱ्यांना मात्र ती भुताचा सिनेमा दाखवत नाही. म्हणते, "छाती धडधडते भुतामुळे, आणि पोरांना वाटतं एकमेकांमुळे!"

जिपार आणि एर्मेक असेच फोनवर भेटलेले. ती रुग्णालयात रक्त तपासते, तो विजेच्या कामावर असतो. दर शनिवारी ते माझ्या दोन बाजूंना बसत. वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या तो माझ्यावर मांडून ठेवी. वसंतातल्या नोरुझच्या सणाला त्याने विचारले, "आईला झुमके घेऊन पाठवू?" मुलाच्या आईने मुलीच्या कानात झुमके घातले की लग्न ठरले. जिपार म्हणाली, "थांब जरा."

शरदात अक्रोड उतरवायची वेळ आली, तरी ते 'जरा' संपले नव्हते. एर्मेकची बदली दूर नारिनच्या धरणावर झाली होती. सोमवारी त्याला निघायचे होते, आणि हा त्याआधीचा शनिवार.

"काका चिडवतात," तो म्हणाला. "म्हणे, आमच्या वेळी विचारत नव्हतो, पोरगी सरळ उचलून आणत होतो."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, म्हणूनच काकू अजून तुमच्याशी धड बोलत नाही."

जिपार हसली. तो समोशासारखे गरम सामसे आणायला गेला, तेव्हा एजे त्याच्या खुर्चीत येऊन टेकली.

"एजे, त्याच्याजवळ बसलं तरी माझी छाती धडधडतच नाही. मैत्रिणी म्हणतात, मग ते प्रेम नव्हेच."

"तू तपासणीतली बाई ना? मग भूत काढून टाक, विनोद काढून टाक, गाणी काढून टाक. उरतं काय ते बघ. आज मेंढपाळाचा सिनेमा लावते. त्यात काहीच होत नाही."

खरोखरच काही झाले नाही. मेंढ्या चरत राहिल्या. पुढचे दोघे उठून गेले, एक आजोबा घोरू लागले.

"ही मघाचीच मेंढी का गं?" एर्मेक कुजबुजला.

"छे! मघाची काळ्या तोंडाची. ही तिची नणंद."

"तरीच हिला चांगलं गवत मिळालंय."

पुढून कुणीतरी "शूऽ" केले. दोघांनी तोंडे दाबली. मेंढ्या चरतच होत्या, आणि जिपारला सिनेमा संपूच नये असे वाटू लागले. हे मला कसे कळले? तिचे मनगट माझ्यावर टेकले होते. नाडी संथ होती, एकसारखी, घरी पोहोचलेल्या माणसाची असते तशी. मग ते मनगट हळूच सरकले आणि चकचकीत पट्टा ओलांडून पलीकडे गेले.

मित्रांनो, माझ्यावर चाकूने नावे कोरू नका, चिकट बोटे पुसू नका. मला झिजवायचेच असेल, तर असे झिजवा. लाकडाचा जन्म त्याने सार्थकी लागतो.

जिपारने कानांतल्या बारीक कुड्या काढल्या आणि माझ्या मधोमध ठेवल्या. घोरणारे आजोबाही जागे होतील इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "एर्मेक, माझे कान मोकळे झाले. आईला सांग, उद्याच झुमके घेऊन या!"