आधी कुठली खोली फोडायची

"आधी कुठली खोली फोडायची तेवढं ठरवा, मग मी टेप काढतो," गवंडी म्हणाला आणि चहाचा कप खिडकीत ठेवून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे तीनच आठवडे होते. त्यानंतर तो कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या कामावर जाणार आणि मग वर्षभर तोंड दाखवणार नव्हता. तीन आठवड्यांत एकच खोली होईल, हे त्याने चप्पल काढतानाच सांगून टाकलं होतं.

"पुढची खोली," मुलगा म्हणाला. "माणूस आत आला की आधी भिंत दिसते. पोपडे बघ किती आलेत. परवा आमचे साहेब आले तर त्यांच्या चहात पडला एक."

"मग? बिस्कीट समजून खाल्ला का त्यांनी?" गिरणीवाली म्हणाली.

गवंडी हसला. मुलगा हसला नाही. त्याच्या आईला सगळा मोहल्ला गिरणीवालीच म्हणायचा, गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली तरी. तीस वर्षं तिने पिठाची गिरणी चालवली. शाळेत गेली ती जेमतेम दोन वर्षं, पण कुणाचं दळण कुठल्या डब्यात आणि कुणाच्या डब्यात किती किडे, हे तिला तोंडपाठ असायचं. पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. घरात मीठ मागितलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ऐकू जायचं. तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

"मला विचाराल तर स्वयंपाकघर," सून हळूच म्हणाली. ती दारात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होती. स्वयंपाकघरातला ओटा सासूच्या मापाने बांधलेला. सासू बुटकी आणि सून तिच्यापेक्षा हातभर उंच. अकरा वर्षं ती त्या ओट्यावर कमरेत वाकून राबत होती.

"तुला विचारलं कुणी, शिडे?" गिरणीवाली म्हणाली. शिडी हे नाव तिने सुनेला पहिल्याच आठवड्यात ठेवलं होतं. "शिडीला वाकायला काय होतं? भिंतीला टेकवली की उभी."

सून अर्धं पाऊल मागे सरली. सासूला उलट उत्तर ती कधीच द्यायची नाही.

"मग तूच सांग, आई," मुलगा कंटाळून म्हणाला. "कुठली?"

"संडास," गिरणीवाली म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"संडासाला काय झालंय?"

"वास येतो."

"मला नाही येत कधी."

"तुझं नाक सर्दीने बारा महिने भरलेलं. फरशी जुनी झालीय. घसरते."

"अगं, घरात तीच तर सगळ्यात नवी फरशी आहे! पंधरा वर्षांपूर्वी तूच बसवून घेतलीस. गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून, एकेक लादी वाजवून."

गिरणीवालीने पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. गवंड्याने कप उचलून त्यात काही उरलंय का ते पाहिलं.

खरं कारण तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि तिथून पुढे सरकत नव्हतं. आठ महिन्यांपासून तिला खाली बसलं की उठता येत नव्हतं. तीस वर्षं गिरणीत उभं राहून गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. सकाळी कडी लावून घ्यायची, बादली पालथी घालायची, एक हात बादलीवर, दुसरा नळाच्या पाइपवर, आणि दात-ओठ खाऊन स्वतःला वर ओढायचं. गेल्या महिन्यात नळ भिंतीतून सुटून आला. "दणादणा फिरवतेस, मग सुटणार नाही तर काय," म्हणून मुलगा बायकोवर ओरडला. गिरणीवाली समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढला आणि बाजूला ठेवला. मागच्या मंगळवारी तर अर्धा तास ती आत अडकली होती. सुनेने दार वाजवलं तेव्हा आतूनच ओरडली, "कपडे भिजवतेय! जीव चाललाय का तुझा?" आत एक चिंधीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून दुपारनंतर ती पाणी पीत नसे. संध्याकाळचा चहा तर खिडकीतल्या कुंडीत ओतून द्यायची.

हे सांगता आलं असतं. आपल्याच पोराला सांगायला कसली लाज? पण तिला आठवत होतं ते वेगळंच. पंधरा वर्षांपूर्वी ही फरशी बसत होती तेव्हा तिची सासू जिवंत होती. काठी टेकत टेकत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "एक कमोड बसवून घे गं. मला उठवत नाही आताशा."

"खुर्चीत बसून कारभार करायला आपण काय संस्थानिक लागून गेलो?" गिरणीवाली म्हणाली होती. तिला हे वाक्य एवढं आवडलं की गिरणीत येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने ते ऐकवलं. बायका डबे धरून हसल्या. म्हातारी गिरणीच्या पायरीवर उन्हाला बसलेली असायची. तीही हसली, सगळ्यांबरोबर, बोळक्या तोंडाने.

पुढे म्हातारीने चहा सोडला. "पित्त होतं," म्हणायची. मग एका दुपारी तिची चादर ओली निघाली. मागच्या दोरीवर जागा होती. तरी गिरणीवालीने ती चादर पुढच्या दोरीवर वाळत घातली, रस्त्याकडच्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तान्हं बाळ आहे बाई आमच्याकडे."

म्हातारी त्यानंतर दोन वर्षं जगली. उन्हाला पायरीवर मात्र पुन्हा कधी येऊन बसली नाही. गिरणीवालीला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, गिऱ्हाइकांच्या पायात यायची.

"म्हणजे पुढचीच खोली," मुलगा म्हणाला. "काढा टेप."

"थांबा," सून म्हणाली.

ती आत आली. एवढी उंच बाई, पण मान अशी खाली घातलेली की सासूएवढीच दिसत होती. "आईंचं बरोबर आहे. संडासच करू या. कमोड बसवू. मला... माझे गुडघे धरतात. खाली बसलं की उठता येत नाही."

"तुझे?" मुलगा हसायला लागला. "अगं, अजून चाळिशी गाठली नाहीस! आजवर बोलली नाहीस ती?"

"लाज वाटायची."

"आणि ते स्वयंपाकघर?"

"ओट्याची सवय झालीय आता."

ती हे सगळं गवंड्याच्या टेपकडे बघत बोलली. सासूकडे एकदाही तिने पाहिलं नाही, आणि त्यावरूनच गिरणीवालीला कळलं. हिला ठाऊक आहे. बादली रोज पालथी राहायची आणि रोज दुपारपर्यंत कुणीतरी ती सुलटी करून ठेवायचं. कुंडीतल्या चहाच्या साखरेला मुंग्या लागायच्या. कुंडी पुसून कुणीतरी तिथे हळद टाकून ठेवलेली असायची. नळ सुटला तेव्हा शिव्या खाताना हिने एकदाही "मी नाही" म्हटलं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आयती झाकून मिळाली होती. तरी गिरणीवालीचा हात पुन्हा पदराकडे गेला.

"चला, झालं एकदाचं," गवंडी म्हणाला आणि टेप घेऊन मागे गेला. सगळी वरात त्याच्या मागे. त्याने लांबी घेतली, रुंदी घेतली, कानामागची पेन्सिल काढून लादीवर खुणा केल्या. मग म्हणाला, "भिंतीला धरायला दांडा लागेल. ज्यांना धरायचाय त्यांनी बसून दाखवा. माप चुकलं की फायदा नाही. मागे एका घरी लेकाच्या मापाने ठोकला, आणि म्हातारी आपली लोंबकळतेय बिचारी."

त्याने पालथा डबा ठेवला. सून डब्यावर बसली आणि तिने हात लांबवला. गवंड्याने तिच्या हाताशी खूण केली.

गिरणीवाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खूण कुठे आली ते तिने पाहिलं. ती तिथे बसली असती तर ती खूण तिच्या डोक्याच्या वर गेली असती. तिथे हात पुरवून उठायचं म्हणजे झाडावरचा आंबा काढायचा.

"बघून घ्या हो, आमची म्हातारी," मुलगा बायकोकडे बोट करून गवंड्याला म्हणाला. "उद्या काठीही आणावी लागेल. परवा कवळी."

गवंडी हसला. आणि डब्यावर बसलेली सूनही हसली, सगळ्यांबरोबर.

ते हसू गिरणीवालीने ओळखलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"आई, माप झालं की उठते."

"ऊठ म्हणते ना."

सून उठली. गिरणीवाली आत आली. डबा होता, कमोड नव्हता, तरी तिथे बसायचं म्हणजे पोटच्या पोरासमोर आणि परक्या पुरुषासमोर तसंच बसायचं. तिने लुगडं गुडघ्याशी गोळा केलं. सुनेने हात पुढे केला. गिरणीवालीने त्या हाताकडे पाहिलं, मग तो धरला, आणि हळूहळू, मध्ये एकदा थांबून, खाली बसली.

"आई, तू कशाला—" मुलगा म्हणाला.

"गुडघे माझे गेलेत," गिरणीवाली म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की गवंड्याला पुढे वाकावं लागलं. "तिचे धड आहेत. मला उठवत नाही. आठ महिने झाले. नळ मी तोडला."

मुलगा लादीकडे बघत राहिला, जणू एकेक मोजून घ्यायची होती. त्याच्या मानेवर लाली चढत गेली, आणि ती कुणाची लाज होती, त्याची की तिची, हे गिरणीवालीला सांगता आलं नसतं.

गवंड्याने पहिली खूण अंगठ्याने पुसली. नीट पुसली जाईना, तेव्हा थुंकी लावून पुसली.

"हात लांबवा, मावशी. जिथे सहज पुरतोय तिथे. ताणू नका."

तिने हात लांबवला. भिंतीवरची लादी गार होती.

"इथे?"

"अजून थोडं खाली."

"जरा हलू नका हं."

ती हलली नाही. गवंड्याची पेन्सिल तिच्या तळहाताखालून सरकत गेली, आणि रेघ पुरी होईपर्यंत ती भिंतीला हात लावून, तिघांच्या देखत, तशीच बसून राहिली.