अर्धी टाकी

दहाव्याच्या सकाळी वैजनाथनं टँकरच्या तोटीला हात घातला आन् चांगुणा घरातनं ओरडतच बाहेर आली.

"भावजी, हात काढा! ती टाकी उघडायची न्हाई."

"आवं वैनी, लाईट न्हाई, मोटर बंद. तीनशे मानूस जेवाय यायचं. डाळ काय थुकीत शिजवू?"

"शेजारनं हंडे आना."

वैजनाथ तिचा चुलत दीर. तोटीवरचा हात त्यानं काढला नाही.

टँकर रंगनाथचा, तिच्या नवऱ्याचा. घेतला डाळिंबावर फवारायला, झिजला आगी विझवण्यात. पारनेरच्या त्या पठारावर उन्हं तापली की गंज्या, गोठे काडीसरशी पेटायचे. सरकारी बंब लांबनं घाट चढून येईतोवर रंगनाथचा ट्रॅक्टर पोचलेला असायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं की पगार दिला नव्हता. मोबाईल वाजला की भरल्या ताटावरून उठायचा. चांगुणा करवादायची, "माझ्याशी कशाला, आगीशीच लगीन लावायचं हुतं!" तो हसत चपला सरकवायचा. नेम एकच, टाकी कायम काठोकाठ.

धा दिवसांमागं गोरक्षनाथचा गोठा पेटला. रंगनाथनं पाणी मारलं, आग दबत आली, आन् नळी गुरगुरून कोरडी पडली. आत दोन गाया हंबरत होत्या. डोक्यावर ओलं पोतं घेऊन तो विळ्यासकट आत शिरला. दावी कापली. गाया बाहेर आल्या. मागनं छप्पर खाली आलं, तो आतच राहिला.

"ज्या टाकीनं त्याला खाल्लं, तिला जपता व्हय?" वैजनाथ उसळला.

चांगुणानं तोटीवर स्वतःचा हात ठेवला. "टाकीनं न्हाई, म्या खाल्लं. लाईट न्हवती, कांद्यानं माना टाकल्या हुत्या. त्या सकाळी अर्धी टाकी म्या वाफ्यांना सोडली. रागावत्याल म्हनून बोलले न्हाई."

अंगणात भांडी मांडणारा गोरक्षनाथ हातातलं पातेलं ठेवून इकडं बघू लागला.

भिंतीशी बसलेली सासू, रंगुबाई, खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला ठावं हुतं, पोरी."

"आत्याबाई?"

"निघताना टिचकी मारली त्यानं. टाकी पोकळ वाजली. मला म्हनला, आई, तिला काय बोलू नगंस. कांदा तरी जगंल."

चांगुणा वळली. टाकीवर टिचकी मारली. जड, मुका आवाज. आणखी वर मारली, आणखी वर. तो गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं भरून ठेवली होती, काठोकाठ.

गोरक्षनाथनं दोन हंडे उचलले आन् शेजारच्या वस्तीकडं निघाला. त्याच्या मागं वैजनाथ.

टँकरपल्याड कांद्याचे वाफे होते. हिरवेगार, माना ताठ करून उभे.