उजव्या हातावरची घड्याळं

घड्याळजीच्या दोन्ही हातांवर मिळून सहा घड्याळं होती. इमर्जन्सी वॉर्डातल्या सिस्टरने ती एकेक उतरवून पिशवीत टाकली आणि बाहेर येऊन त्याच्या बायकोला खालच्या आवाजात विचारलं, "ताई, खरं सांगा, चोरीबिरीचा मामला नाही ना?"

"गिऱ्हाइकांची आहेत. तो घालून तपासतो."

"सहाही एकदम?"

"पायात घालता येत नाहीत म्हणून सहा."

एरवी यावर ती स्वतःच हसली असती. पण आत तिचा नवरा डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता. वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ लावताना शिडीवरून पडला. सुट्टीचा दिवस, आत कुणी नाही. तीन वाजता पहारेकऱ्याला दिसला. कधी पडला, ते देवालाच माहीत.

आणि डॉक्टरीणबाईंना नेमकं तेच हवं होतं.

"मेंदूला सूज येतेय," त्या म्हणाल्या. "सूज रोखणारं एक नवं औषध आहे, अजून चाचणीत आहे. मार लागल्यापासून आठ तासांच्या आत सुरू करावं लागतं. नंतर दिलं तर अपायच व्हायचा. मी देणारच नाही."

"मग द्या की आत्ताच!"

त्यांनी पिशवीतून एक घड्याळ काढलं. काच फुटलेली, काटे साडेदहावर थांबलेले. "पडताना हेच फुटलंय. साडेदहा अधिक आठ, म्हणजे साडेसहा. आता सात वाजायला आलेत. सॉरी."

बायकोने घड्याळ हिसकावूनच घेतलं. पट्ट्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती, नवऱ्याच्या मुंगीसारख्या अक्षरात: 'शिंपीकाका. तासाला पंधरा मिनिटं मागे.'

"हे घड्याळ मागे पडतं हो! रोज सकाळी आठला तो सगळी घड्याळं बरोबर लावतो आणि हातात चढवतो. याचे साडेदहा म्हणजे खरे साडेदहा नव्हेतच!"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडेमोड केली. "खरे अकरा वीस. म्हणजे सात वीसपर्यंत वेळ आहे." मग पेन थांबलं. "पण दुरुस्त झालं असेल तर?"

बायकोने चिठ्ठी उलटून पाहिली. दुरुस्ती झाली तरी चिठ्ठी गिऱ्हाईक येईपर्यंत तशीच राहायची. उजव्या हातावर आजारी घड्याळं, डाव्यावर बरी झालेली, असा घड्याळजीचा नियम होता. उजवा हात म्हणजे वॉर्ड, डावा म्हणजे डिस्चार्ज, असं तोच आल्यागेल्याला सांगायचा आणि एकटाच हसायचा.

"सिस्टर, हे कुठल्या हातावर होतं?"

सिस्टरचा चेहरा पडला. "सगळी एकाच पिशवीत टाकली हो."

काहीतरी सांगून टाकावं, असं बायकोच्या अगदी जिभेवर आलं होतं. उजवाच म्हणावं, कोण विचारणार आहे? पण खोटं बोलून अपाय झाला, तर तो शुद्धीवर येऊन आधी तिचीच उलटतपासणी घेईल. आला तर.

तिने घड्याळाकडे पाहिलं. काचेच्या टवक्याला रक्त लागलं होतं.

ती तडक आत घुसली. कुणी अडवायच्या आत चादर वर केली. डावं मनगट कोरं. उजव्यावर काचेचा अर्धगोल काप, नखाएवढा, ताजा.

"उजवा! आजारीच आहे ते!" ती ओरडली. घड्याळ बिघडलेलं निघालं म्हणून इतका आनंद शहरात आजवर कुणाला झाला नसेल.

डॉक्टरीणबाईंनी काप पाहिला, मान हलवली आणि पळापळ सुरू झाली. सही इथे, सही तिथे.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "चाचणी आहे. बाटलीत औषध असेल किंवा नुसतं सलाईन. कुणाला काय मिळतं, मलाही कळत नाही."

"एवढं करून पाणीसुद्धा निघू शकतं?"

"निघू शकतं. बाकीचे उपचार चालूच राहतील."

"निघू दे. पण वेळेत द्या."

बाटली यायला उशीर झाला. ती टांगून नळी जोडेस्तोवर सिस्टरने सवयीने वॉर्डातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात आखडता घेतला. "मॅडम, सात एकवीस झाले."

"ते चार मिनिटं पुढे आहे," बायको म्हणाली. "आल्या आल्याच पाहिलं मी. घड्याळजीच्या घरात दिलेय मला."

डॉक्टरीणबाईंनी मोबाईल काढला. सात सतरा. "सोडा!"

पहिला थेंब पडला. मग दुसरा.

मग दर तासाला डॉक्टरीणबाई येत, त्याच्या कानाशी ओरडत, "बोट हलवा!" पहिल्या तासाला काही नाही. दुसऱ्या तासाला काही नाही. बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आत पाच घड्याळं आपापल्या मताने टिकटिकत होती.

तिसऱ्या तासाला बोट हललं नाही. पण घड्याळजीचा डावा हात हळूहळू सरकला, उजव्या मनगटापाशी आला आणि मोकळ्या कातडीवर चाचपू लागला. कपाळाला आठी पडली.

"शोधतोय," बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला.

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने कागद ओढला आणि वेळ लिहायला भिंतीकडे मान वळवली.

"चार मिनिटं वजा करा," बायको म्हणाली.