शून्याची पायरी

घरं खचतात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण घरं वर येतात असं कधी ऐकलंय का? त्या गल्लीतली अकराच्या अकरा घरं बुधवारी सकाळी आठ मिलिमीटर वर आली होती, आणि मापवालीला ते काही केल्या उलगडत नव्हतं.

मापवाली म्हणजे मेट्रोच्या कंपनीची सर्व्हेअर. ही मेट्रो सरकारची नव्हे. एका खाजगी कंपनीने ती बांधायची, तीस वर्षं चालवायची आणि मग शहराच्या हवाली करायची, असा करार होता. त्यामुळे उद्घाटनाची तारीख कंपनीला जिवापेक्षा प्यारी. गल्लीखाली अठरा मीटरवर बोगदा खणणारं यंत्र दर चाळीस मिनिटांना दीड मीटर पुढे सरकत होतं. वर मापवालीचं काम एकच. रोज सकाळी तिपाईवर दुर्बीण मांडायची, प्रत्येक घराच्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर पट्टी उभी धरायला लावायची आणि घर किती हललं ते वहीत लिहायचं. पट्टी धरायला एक काका होते. निवृत्तीला सात महिने राहिलेले, बोलायला कमी आणि सरळ उभं राहायला पक्के.

आता हललं म्हणजे कशाच्या मानाने हललं? एक तरी जागा न हलणारी धरावी लागते. तिला शून्य म्हणायचं आणि बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं. मापवालीचं शून्य तिच्या मावशीच्या पायरीत होतं, म्हणून त्या अकरांत मावशीचं घर धरलेलं नव्हतं.

आधी ते पंपहाऊसच्या चौथऱ्यावर होतं, तीनशे मीटर लांब. मधला रस्ता पाइपासाठी खणला गेला आणि तिथून माप आणायचं म्हणजे तासाचं काम होऊन बसलं. म्हणून पाच आठवड्यांपूर्वी तिने मावशीच्या दगडी पायरीत स्टीलची एक खुंटी बसवली. तेव्हा यंत्र पार मागे, दीड किलोमीटरवर होतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. आठवड्यातून एकदा पंपहाऊसशी ताडून पाहायचं, असं ठरलं होतं. दोनदा पाहिलं. मग आज पाहू, उद्या पाहू करत राहिलं ते राहिलंच. मावशीच्या दारात सावली होती, चहा होता, आणि बसायला हक्काची जागा होती. खोटं कशाला बोला.

मावशी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत कापायचं टेबल आणि तिची कॉट. मापवालीची आई गेल्यावर हिनेच तिला वाढवली, शिकवली, आणि आपली भाची यंत्राच्या डोक्यावर बसून हुकूम सोडते अशी तिची समजूत होती. खुंटी बसली त्या दिवसापासून ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या पायरीवरून सगळ्या गल्लीची मापं घेतात. कंपनीनंच काढलंय शोधून, हीच एक जागा हलत नाही म्हणून." रोज सकाळी ती शिलाई मशिनचं तेल लावून खुंटी पुसायची. समोरच्या घरातले म्हातारा-म्हातारी बोगद्याच्या धास्तीने मुलाकडे राहायला निघाले होते, त्यांना हिनेच थांबवलं. म्हणाली, मी आहे ना इथं.

सोमवारी घरं एक मिलिमीटर वर दिसली. मंगळवारी तीन. कंट्रोल रूममधल्या इंजिनिअरचा फोन आला होता. पोरगेलासा, पण हुशार.

"मॅडम, घरं वर येतायत म्हणजे आपण खाली सिमेंट जास्त जोरात भरतोय. यंत्रामागची पोकळी भरताना जमीन उचलली जातेय. दाब उतरवला मी."

तिला तेव्हा हायसं वाटलं होतं. पण दाब उतरवल्यावर घरं निदान जागच्या जागी राहायला हवी होती. बुधवारी ती आणखी वर. आणि अकराही घरं एकाच मापाने. एका ताटात जेवणारी भावंडंसुद्धा इतकी एकमताची नसतात.

अकरा वाजता फेरी आटोपून ती मावशीकडे टेकली, तरी डोकं वहीतच होतं. मावशी दवाखान्याचे कोट कापत होती. चाळीस कोट, शुक्रवारी द्यायचे.

"चिमे, तेवढं रीळ उचल. गेलं बघ पुन्हा."

पांढऱ्या दोऱ्याचं रीळ टेबलावरून घरंगळत जाऊन मागच्या भिंतीशी पडलं होतं. मापवालीने उचलून वर ठेवलं. ते पुन्हा निघालं. सावकाश, मग भराभर, मागच्या भिंतीकडे.

"टेबल डुगडुगतंय का गं?"

"टेबलाला काय धाड भरलीय. पायाखाली चिंधी घातलीय मी. सोमवारी एक घडी घातली, काल दोन, आज सकाळी चार घातल्या तरी मेलं तिरकंच. आणि मागचं दार घासतंय. सुतार उद्या येतो म्हणतो, त्याचा उद्या काही उजाडत नाही."

मापवाली वाकली. टेबलाच्या मागच्या पायांखाली निळ्या अस्तराची चिंधी होती, नीट इस्त्री केल्यासारखी दुमडलेली. एक, दोन, चार. तिने वही उघडली. एक, तीन, आठ.

घरं वर येत नव्हतीच. मावशीची पायरी खाली चालली होती, आणि पायरीला शून्य धरल्यामुळे बाकीची गल्ली वर दिसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं ती तीन दिवस अकरा घरांचे खिळे तपासत होती, आणि बसलेलं होतं ते नेमकं तिच्याच बुडाखाली. वर तिच्याच आकड्यांवर विसंबून खाली दाब उतरवला होता. म्हणजे घर बसत होतं, आणि ते आणखी बसावं याची सोय तिनेच करून दिली होती.

तिने पुढच्या खोलीत येऊन फोन लावला.

"यंत्र थांबवा. मावशीचं, म्हणजे शून्याचं घर बसतंय."

"शून्याच्या घराचा आकडा तर शून्यच आहे, मॅडम. माझ्यासमोर आहे."

"असणारच. मीच तो धरलाय. दुसरा येईल कुठून?"

त्याचा आवाज बारीक झाला. "मग मी दाब उतरवला तो…"

"आधी तो वाढवा."

"कशाच्या जोरावर वाढवू? उगाच वाढवला आणि रस्ता फुगला तर? आणि थांबवायचं तर मॅनेजरसाहेब आकडा मागणार. यंत्र एकदा थांबलं की रुततं, आठ-आठ दिवस हलत नाही. मॅडम, मला एक आकडा द्या. पंधराच्या वर असेल तर मी कुणाला विचारणार नाही."

आकडा पंपहाऊसला होता. घाई केली तरी अर्धा तास.

ती मागे वळली. "मावशी, ऊठ. समोरच्यांकडे जाऊन बस जरा."

"आत्ता? हातात कात्री आहे माझ्या."

"कंपनीचा माणूस तपासायला येतोय," तिने थाप मारली.

"येऊ दे की. पायरी लख्ख आहे."

"मावशी, ऊठ म्हणते ना."

"चाळीस कोट आहेत, चिमे. तू ये जाऊन. मी कुठं पळून चाललेय?"

मावशीने पुन्हा कात्री चालवली. मापवालीला लहानपणी कधी काही फोडलं तरी एवढी भीती वाटली नव्हती.

"मावशी, ते शून्य खोटं आहे," ती म्हणाली. "पायरी हलतेय. तुझं घर खाली चाललंय. मी दर आठवड्याला ताडून बघायचं होतं, ते बघितलं नाही. मी चुकले."

कात्री थांबली. मावशीने आधी भाचीकडे पाहिलं, मग रिळाकडे. तिने बटणांचा डबा काखेला मारला, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. पायरी उतरताना तिने खुंटीवर पाय पडू दिला नाही.

त्यानंतरचा अर्धा तास मापवालीला जन्मभर पुरेल. पाइपाच्या खड्ड्यांमधून वाट काढत सहा वेळा तिपाई मांडायची, सहा वेळा दुर्बिणीची पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणायचा. घाई केली की बुडबुडा पळतो, आणि बुडबुडा पळाला की सगळं मुसळ केरात. ती स्क्रू नको तितका फिरवत होती, मग पुन्हा उलटा. चौथ्या मांडणीला काका लांबून चालत आले.

"बाई, दोन श्वास घ्या. यंत्र आपल्यापेक्षा हळू चालतं."

"काका, मी नाही, मावशी…"

"मावशी ओट्यावर आहेत. मी बघून आलोय. पट्टी वाचा तुम्ही."

तिने वाचली. पंपहाऊसच्या चौथऱ्यावर शेवटचं वाचन घेतलं, तिथेच उकिडवी बसून बेरीज-वजाबाकी केली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. एकोणीस. सकाळपासून, चहा होईतो आणि रीळ पडेतो, आणखी अकरा मिलिमीटर.

"एकोणीस," ती फोनवर म्हणाली.

"थांबवलं," इंजिनिअर म्हणाला. त्याने खरंच कुणाला विचारलं नाही.

ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा आवाज झाला. फार मोठा नाही, कुणी माळ्यावरून जड पेटी खाली टाकावी तेवढा. मावशीच्या घराची मागची भिंत बाहेर कलंडली आणि छपराची मागची बाजू कापायच्या टेबलावर येऊन बसली. पुढचं दुकान जसंच्या तसं उभं होतं. उघड्या दारातून आत नुसती पांढरी धूळ दिसत होती, आणि त्यात कोट कुठले ते ओळखू येत नव्हतं. मापवालीने आधी ओट्याकडे पाहिलं. मावशी तिथेच होती, डबा मांडीवर. ती दिसली तेव्हा मापवाली रस्त्यातच मटकन खाली बसली.

दुपारी मॅनेजरसाहेब आले. पांढरं हेल्मेट, गोड आवाज. सगळ्यांची चौकशी केली, मावशीसाठी खुर्ची मागवली, आणि मग मापवालीला बाजूला घेतलं.

"असं बघा, पट्टी टेकवताना खुंटीला धक्का लागतो कधी कधी. वयस्कर माणूस आहे, हात थरथरतात. असं लिहिलं तर तुमच्यावर फारसं येणार नाही. आणि खरं सांगायचं तर कंपनीवरही नाही."

काका चार पावलांवर पट्टी पुसत होते. ऐकू गेलं असेल, पण त्यांनी मान वर केली नाही.

"धक्का लागला असता तर एका दिवसात लागला असता, साहेब," ती म्हणाली. "हे तीन दिवस चाललंय." आणि अहवालातल्या कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: शून्य ताडून पाहिलं नाही, तीन आठवडे. खाली सही केली. नोकरी राहील की जाईल हा विचार तिच्या मनात आला, पण तो करायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

मग ती ओट्यावर मावशीशेजारी जाऊन बसली. समोरच्या म्हातारीने पाणी आणून दिलं. पलीकडे लोक घराला पत्र्याचं कुंपण घालत होते, आणि पायरी कुंपणाच्या आत गेली.

"सोमवारपासून तिरकं झालं होतं," मापवाली शेवटी म्हणाली. "दार घासत होतं. चिंध्या घालत होतीस. मग मला का नाही सांगितलंस, मावशी? मी रोज तुझ्याच दारात होते."

"सांगणार होते," मावशी म्हणाली. "सोमवारीच सांगणार होते. पण तू पायरीवर बसून वहीत शून्य लिहिलंस. मी पाहिलं ना, माझ्या देखत लिहिलंस. मी म्हटलं, शिकलेली पोरगी दुर्बिणीतून बघून सांगतेय की हललं नाही, आणि आपल्याला तिरकं दिसतंय. म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलं."

तिने बटणांचा डबा उघडून त्यातून एक घडी केलेला कागद काढला. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, मंगळवारची.

"काल दुपारी तासभर दुकान बंद ठेवून गेले. डॉक्टर म्हणाला, आजी, डोळे ठणठणीत आहेत तुमचे. मी त्यालाच वेड्यात काढला. म्हटलं, याला काही येत नाही, दुसऱ्याकडे जायला हवं. उद्याची वेळ घेऊन ठेवलीय बघ."

मापवालीने चिठ्ठी हातात घेतली. तिला रडू आलं, ते तिने आवरलं नाही.

"उद्या जाऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही जात," मावशी म्हणाली, आणि रस्त्यापलीकडच्या घराकडे बघत बसली.