न पडलेले मूल

मुलाच्या मेंदूचे चित्र पाहायला निघताना शकूबाईंनी लग्नाकार्याची साडी नेसली. गाडीत बसताना जयाने विचारलेच, "आई, एवढं काय सजलीस? रिपोर्ट डिस्कस करायला चाललोय आपण." चौदा वर्षे ज्या बाईने आपला मुलगा फक्त तुरुंगातल्या काचेपलीकडून पाहिला, तिला आज त्याच्या कवटीच्या आतले दाखवणार होते. अशा प्रसंगी काय नेसावे, याचा रिवाज अजून पडलेला नाही.

विक्रमने चुलतभाऊ अभयच्या डोक्यात पहार घातली, ती एका भिंतीवरून. मांजरी गावातली उसाची जमीन बिल्डरला जायची ठरली आणि वाटणीच्या रेषेवर अभयने, आपल्या सोयीच्या बाजूला, भिंत उभी करायला घेतली. भर दुपारी, चार माणसांदेखत, एका घावात तो गेला. न्यायालयाने जन्मठेप दिली. गावाने मात्र 'रागाच्या भरात झालं' असा स्वतःचा निकाल दिला आणि शकूबाईंनी न्यायालयाचा बाजूला ठेवून गावाचा जवळ केला. अभयचे वडील हिंमतराव त्याच आळीत राहत. त्यामुळे विक्रमच्या पॅरोलच्या सुट्टीचा प्रत्येक अर्ज पोलिसांच्या प्रतिकूल अहवालावर आपटे. उसाच्या जागी इमारती आल्या, त्यांतल्याच एका फ्लॅटमध्ये मायलेकी राहायला गेल्या, शकूबाईंचा नवरा संभाजी वारला, जया कंपनीत लागली. एवढ्या काळात शकूबाईंना मुलाला एकदाही हात लावता आला नव्हता.

आणि हातालाच तो सगळ्यांत जास्त ठाऊक होता. जन्मला तेव्हा त्याचे डोके लांबुळके होते. न्हाऊ घालणाऱ्या बायडाबाईने पहिले काही दिवस ते चोळून गोल करायला घेतले. मग शकूबाईंनी तिला बाजूला केले आणि ते काम स्वतःकडे घेतले. रोज टाळू तेलाने भरायची आणि कपाळापासून मागे, मागून कानांकडे, ओल्या मातीला आकार द्यावा तसा तळवा फिरवायचा. अजूनही मंडईत पपई निवडताना त्यांचा हात फळावरून तसाच फिरे, आणि भाजीवाली म्हणे, "मावशी, घ्यायची का नुसती कुरवाळायची?"

आता मुदतपूर्व सुटकेचा विचार चालला होता. त्यासाठीच्या समितीने कैद्याची मानसिक आणि मेंदूविषयक तपासणी मागवली होती. वकिलांनी जयाला सांगितले होते आणि जयाने ते गाडीत आईला सांगितले: "बाहेरच्या देशांत ब्रेन इंज्युरी प्रूव्ह झाली की शिक्षा कमी करतात म्हणे. दादा लहानपणी कधी पडला-बिडला होता का गं?"

"न्हाई."

"नीट आठव ना."

शकूबाई हडपसरपर्यंत आठवत राहिल्या. हडपसरच्या पुलापासून त्या रचू लागल्या.

मेंदूची तपासणी करणाऱ्या डॉ. अरिबा या रविवार पेठेतल्या जुन्या अत्तरवाल्यांच्या घरातल्या. त्यांचे बोलणे मऊ आणि मोजके, मराठी जुन्या पेठेची. संगणकाच्या पडद्यावर त्यांनी एक राखाडी, अक्रोडासारखी आकृती आणली आणि उजव्या भुवईच्या वर पेनाचे टोक टेकवले. "मावशी, हे विक्रमचं. हा भाग थोडा विरळ दिसतो. राग आला की थांब म्हणणारा हा भाग. गाडीचा ब्रेक म्हणा."

शकूबाई चित्राकडे अशा पाहत होत्या, जणू त्यात कुठेतरी चेहरा निघेल.

"जन्माच्या वेळी काही त्रास? ताप, झटके? कधी डोक्यावर पडला होता का?"

"पडला हुता," शकूबाई म्हणाल्या. जयाने मान वळवून आईकडे पाहिले. "नहाणीत. मी तेल लावून आंघुळ घालत हुते. हात बुळबुळीत. निसटला माझ्या हातनं, दगडावर आपटला. मग बराच येळ रडलाच न्हाई."

"हे याआधी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगनार? सासू हुती घरात."

सासूचे भय खरे होते. खोट्याला एवढा एक खरा टेकू पुरला. डॉ. अरिबांनी लिहून घेतले, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "मावशी, यात आपला दोष नाही." त्यावर शकूबाईंना रडू फुटले, तेही अगदी खरेखुरे. जे मूल हातून कधी निसटले नव्हते, त्याच्यासाठी त्या हुंदके देऊन रडल्या.

त्यांची समजूत साधी होती आणि साऱ्या आयुष्याने ती पक्की केली होती. घरात दूध उतू जावो, कपबशी फुटो की पोराने शेजारच्या घराची काच फोडो, आईने पुढे होऊन 'माझीच चूक' म्हटले की पोराचा मार चुकतो. दोष एकच असतो आणि तो एका वेळी एकाच्याच अंगावर राहू शकतो. सासू, नवरा, शाळेतले गुरुजी, सगळ्यांनी हा कायदा निमूट पाळला होता. समिती पाळणार नाही, असे वाटायचे त्यांना काही कारण नव्हते.

पण गुन्हा माणसात नेमका कुठे राहतो, हे शोधणाऱ्यांचा कायदा निराळा आहे आणि उद्योग जुना. आधी तो त्यांना कवटीच्या उंचवट्यांत सापडला, मग जबड्याच्या रुंदीत. या देशात साहेबाने तो जमातीच्या जमातींच्या रक्तात शोधला आणि न जन्मलेल्यांसकट सर्वांना कायद्याने गुन्हेगार ठरवून टाकले. पुढे तो गुणसूत्रांत सापडला, मग ग्रंथींत. तिथेही टिकेना, तेव्हा आईच्या मांडीवर सापडला. तिने पोराला फार जवळ घेतले होते, किंवा पुरेसे घेतले नव्हते. आता तो पडद्यावर असतो आणि त्याला रंग देता येतात. दर वेळी शोधणारे सभ्य होते, कनवाळू होते, आणि आपल्या आधीच्यांच्या भाबडेपणाला मनापासून हसत होते. त्यांची स्वतःची कवटी मोजून घ्यायचे मात्र कुणाला सुचले नाही. डॉ. अरिबांना हा इतिहास मुखोद्गत होता. वर्गात त्या तो शिकवत, आणि योग्य ठिकाणी विद्यार्थीही हसत.

निकाल आला तो जयाच्या मोबाइलवर. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने वाचला: "'बालवयात झालेल्या मेंदूच्या इजेमुळे आवेग-नियंत्रणातील दोष कायमस्वरूपी असल्याने सदर बंदिवान समाजासाठी...'" ती थांबली. "आई, रिजेक्ट केलं."

"का?"

"म्हणतायत, हे परमनंट आहे. बरं होणारं नाही. मग बाहेर कसं सोडायचं?"

"आगं, पन मी पाडला म्हनलं की!" शकूबाईंचा आवाज चढला. "त्यानं काय केलंय त्यात? पाडला मी!"

जयाने गॅस बंद केला. मग म्हणाली, "पाडला होतास का खरंच?"

शकूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"अगं आई..." एवढेच जया म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून आईला पुन्हा त्या पडद्यासमोर घेऊन गेली.

डॉ. अरिबांनी सगळे ऐकून घेतले. "मावशी, निकालानंतर बऱ्याच आया असं म्हणतात."

"काय म्हनत्यात?"

"की तसं काही झालंच नव्हतं."

"आन निकालाआदी झालं म्हनलं, तवा बरा इस्वास ठिवलात?"

"कारण तेव्हा तुम्ही स्वतःच्या विरुद्ध बोलत होतात. स्वतःच्या विरुद्ध माणूस सहसा खोटं बोलत नाही, असं आम्ही धरतो."

"तुमाला लेकरं न्हाईत वाटतं."

"आई!" जया म्हणाली.

"नाहीत," डॉ. अरिबा शांतपणे म्हणाल्या.

"मंग त्यो विरळ भाग कशानं आला?"

"सांगता येत नाही. कशानंही येतो. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांची चित्रं काढली, तर त्यांतही काहींच्यात निघेल. आणि ती माणसं आयुष्यभर मुंगीही मारणार नाहीत."

"तुमच्यात?"

"असेलही. मी काढून पाहिलेलं नाही."

"मंग लिवलंत कशापायी?"

डॉ. अरिबांनी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. "समितीनं 'का' असं विचारलं होतं, मावशी. 'माहीत नाही' हे उत्तर मी याआधी एकदा पाठवून पाहिलं आहे. त्यांनी दुसऱ्या तज्ज्ञाकडून 'का' मागवलं." मग त्या सरळ बसल्या. "मी पुरवणी लिहून देते. पण त्यात कुटुंबाचं सांगणं बदलतं आहे, असं मला लिहावं लागेल. ते त्याच्या विरुद्धही जाऊ शकतं. तरी लिहू?"

"लिवा," शकूबाई म्हणाल्या.

वकील म्हणाले, उच्च न्यायालयात दाद मागता येईल. आईचे प्रतिज्ञापत्र हवे, डॉक्टरांची पुरवणी हवी आणि कागदांवर विक्रमची सही हवी. सहीचे विचारायला शकूबाई तुरुंगात भेटीला गेल्या. जयाला ऑफिस होते. काचेच्या दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर, आणि शेजारच्या खुर्च्यांवर दुसऱ्यांच्या आया आपापल्या काचेशी बोलत होत्या.

विक्रम आला तो हसत. कानशिलांवर केस पिकले होते; हात सुतारकामाने खरबरीत झालेले, काचेतूनही ते कळत होते. किती वर्षांत तो असा हसला नव्हता. शकूबाई त्या हसण्याकडे पाहतच राहिल्या.

"आई, आदी मी बोलतो. तू रडू नगंस. मी तुला माफ केलंय."

"कशाबद्दल?"

"नहाणीतलं. जेलच्या साहेबानं वाचून दाखवलं सगळं." तो काचेजवळ सरकला. "तुला म्हाईत न्हाई आई, रोज उठून एकच इचारायचो. भिंत अभयनं घातली, बघत हुतं सगळं गाव, मंग पहार मीच का उचलली? माझ्यातच काय सडलंय? आता कळलं. मी न्हवतोच त्यो. ब्रेकच न्हवता. लई हलकं वाटतंय बघ."

"इकू, हायकोर्टात अर्ज करायचाय. तुजी सही—"

"नगं. बिनब्रेकची गाडी कशाला घराम्होरं आणून लावतीस? हाय तिथं बरा हाय मी."

शकूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. तो घरी यावा, हॉलमध्ये पाय पसरून बसावा, चहात साखर कमी म्हणून कुरकुरावा, नुसते शेजारच्या खोलीत त्याचे खोकणे ऐकू यावे, एवढ्याचसाठी त्या खोटे बोलल्या होत्या. त्या खोट्याने तो आला नाही, पण त्याला हसू मात्र आले. गप्प राहिले तर ते हसू त्याच्याजवळ राहणार होते, आणि तो तिथेच राहणार होता.

"इकू, तू पडला न्हाईस. मी खोटं बोलले."

"आता कशाला—"

"कवाच पडला न्हाईस. नहाणीत न्हाई, झाडावरनं न्हाई. माझ्या हातनं कवाच निसटला न्हाईस तू."

हसू काही वेळ चेहऱ्यावर तसेच राहिले, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखे.

"मंग माझ्या डोक्यात काय हाय?"

"समद्यांच्या डोक्यात असतंय तेच."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उठून गेला.

पुढच्या भेटीला तो बाहेर आलाच नाही. शिपाई म्हणाला, "आजी, नाही म्हणतोय. घरी जा." शकूबाई भेटीची वेळ संपेपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच झाले. जया म्हणाली, "त्याला थोडा टाइम दे ना. रोज उठून जाऊन काय होणार?" "बसायला जाते," शकूबाई म्हणाल्या. तुरुंगातल्या काचेसमोर का होईना, पण त्या त्याच भिंतींच्या आत, त्याच्या हवेत असत. घरात तेवढेही नव्हते.

मग एकदा तो आला. दाढी वाढलेली. बसला, रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. शकूबाईंनी सहीचे नाव काढले नाही.

"पहार हातापाशी पडली हुती म्हनून उचलली, असं कोर्टात वकील बोलला," तो म्हणाला. "मीबी तेच बोलत आलो. पार माझं मलाबी तेच खरं वाटाय लागलं हुतं."

"मंग?"

"न्हवती तिथं. गोठ्यात हुती. मी भिंतीपासनं गोठ्यात चालत गेलो, आई. पळत न्हाई. म्हशीला बाजूला सारली. पहार गव्हाणीमागं अडकलेली, ती हिसडून काढली. आन चालत म्हागं आलो." त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला. "येताना तू वट्यावर मटकी निवडत हुतीस. तुज्या म्होरनं गेलो मी. वाटलं, हाक मारावी. हाक मारली असती तर तू इचारलं असतंस, पहार कशाला घेतलीस. म्हनून मारली न्हाई."

शकूबाईंना ती दुपार दिसली. मटकी, सुपावरचे ऊन, समोरून गेलेली एक सावली. त्यांनी मान वर केली नव्हती. मीच वर बघायला हवं होतं, माझीच चूक, हे शब्द त्यांच्या जिभेवर जन्मभराच्या सवयीने येऊन उभे राहिले. काचेपलीकडे विक्रमचे डोळे त्या शब्दांची वाट पाहत होते.

त्यांनी ते गिळले.

"फुडं सांग," शकूबाई म्हणाल्या.